कार्डावरचा खोटा आकडा

मी नाशिकला घरी बसून ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातल्या चुका दुरुस्त करतो. स्वभाव मुळातच संशयी, त्यामुळे काम मानवलं. पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड लावलं की ते आधी स्वतःबद्दल सांगतं: माझ्यात इतक्या फायली, अमुक फाइल इतकी लांब. जुना कोड त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा. कुणी मुद्दाम खोटा आकडा लिहिला की कॉम्प्युटर भलत्याच जागी वाचत सुटायचा आणि चोराला आत वाट मिळायची. मी तपासणी घातली: आकडा खोटा दिसला की अख्खं कार्ड नाकारायचं. त्या दिवसांत मी तरंगतच होतो. गंगापूर रोडवर फिरताना समोरून माणसांऐवजी आकडेच येताहेत असं वाटायचं, आणि मी मनातल्या मनात एकेकाला अडवून विचारायचो, खरंच का?

मग हिवाळ्यातल्या एका दुपारी सिन्नरहून बाबा आले. आईला जाऊन वर्ष झालं होतं. घरात दोघांत एकच फोन. मावशीकडे इगतपुरीला जाताना आई तो बाबांपाशी ठेवायची, आणि लिहायचा कंटाळा म्हणून सूचना त्यात बोलून ठेवायची. बाकीच्या पुसल्या गेल्या, एक उरली होती. बाबांनी रुमालाची गाठ सोडून त्या आता बंद पडलेल्या फोनमधलं कार्ड काढलं.

"लाव की. लय दिवस ऐकलं नाय."

लावलं. कॉम्प्युटरनं कार्ड नाकारलं, तेही माझ्याच तपासणीनं. झिजलेल्या कार्डावर त्या सूचनेची लांबी कार्डाहूनही मोठी लिहिलेली होती. मला माझीच लाज वाटली. चाचणीसाठी मी ढीगभर लबाड कार्डं बनवली होती, पण नुसतं थकलेलं असं एकही नाही.

तपासणी काढून टाकावी असं फार वाटलं. एका ओळीचं तर काम. पण काढली नाही. आकडा मानायचा नाही, पण कार्डाला हाकलायचंही नाही. खरोखर सापडेल तिथवरच वाचायचं, असं नव्यानं लिहायला बसलो. ऊन भिंतीवरून सरकत राहिलं. बाबांचा चहा गार झाला. तिचा आवाज नेमका न सापडणाऱ्या भागात असला तर, या भीतीनं माझी बोटं चुकत होती.

आवाज आला. अगदी जवळून.

"अहो, कुकर भरून ठेवलाय. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा, आन्..."

पुढे काही नव्हतं. पुन्हा लावलं, तिथंच थांबलं.

"बाबा, पुढचं गेलं," मी म्हणालो.

"नाय गेलं," बाबा म्हणाले, आणि तिच्याच सुरात बोलले, "आन् जेवून घ्या. माझी वाट बघू नका."