मावशीची मोजणी

शाळेच्या बसमध्ये मुलांना सांभाळून नेणं-आणणं हे मावशीचं काम, आणि तिला मावशी म्हणणारी भाचरं एकूण सव्वीस. शाळेच्या फाटकाशी सगळी उतरली की बसमधली प्रत्येक सीट पाहायची, सीटखाली वाकायचं, मग खाली उतरून बसच्या मागं उभं राहायचं आणि ड्रायव्हरला बस मागं घ्यायची खूण करायची. दुसरी एखादी बाई दोन मिनिटांत हात झटकून मोकळी झाली असती. मावशीला पंधरा लागत. एखादं पोर आत झोपून राहिलं तर? काचा बंद, वर ऊन तापतंय... नुसत्या विचारानं ती पुन्हा पहिल्या सीटपासून सुरू करी.

"मावशी, पोरं शोधताय की ढेकूण?" ड्रायव्हर विचारी.

ती हसे. पण घरीसुद्धा गॅस, कडी, नळ यांच्या फेऱ्या चालूच. शेवटी थोरल्या बहिणीनं हाताला धरून डॉक्टरबाईंकडे नेलं. आजाराला नाव मिळालं, गोळ्या मिळाल्या. "सुस्ती आली, काही आठवेनासं झालं तर मला सांगा, डोस बदलू. पण मनानं बंद करू नका," डॉक्टरबाईंनी बजावलं.

दोन महिन्यांत सहा फेऱ्यांच्या दोन झाल्या. नवरा खूश, ड्रायव्हर त्याहून खूश. घाबरली ती एकटी मावशीच. डोकं जड वाटे, शब्द जिभेवर येऊन अडे. एकदा तर रोज तिच्या शेजारी बसणाऱ्या पोरीचं नावच आठवेना.

"गोळी माझं डोकं खातेय गं," ती बहिणीला म्हणाली. "भीती होती म्हणून तर मी नीट बघत होते. भीतीच गेली तर पोरांकडं बघणार कोण?"

"मग डॉक्टरांना सांग की."

"सांगितलं तर म्हणतील, चालू ठेवा."

तिनं कुणालाच काही सांगितलं नाही. रोज सकाळी गोळी बेसिनमध्ये जाऊ लागली.

बाराव्या दिवसापर्यंत जुनी भीती साग्रसंगीत परत आली होती. सव्वीसही मुलं उतरलेली तिनं मोजली. सीटा पाहिल्या. पुन्हा पाहिल्या. चौथ्या फेरीत ती शेवटच्या सीटखाली गुडघ्यांवर वाकली होती. आत कुणी नाही, हे डोळ्यांना दिसत होतं, पण मनाला पटत नव्हतं.

ड्रायव्हरला उशीर होत होता. त्यानं आतल्या आरशात पाहिलं, बसमध्ये कुणी दिसलं नाही, आणि मावशी मागं उभी असेलच असं धरून, खुणेची वाट न पाहता त्यानं रिव्हर्स गिअर टाकला.

हिसक्यानं मावशी उठली आणि मागच्या काचेतून तिला पिवळी टोपी दिसली. एक चिमुरडी बसच्या अगदी मागं वाकून सांडलेल्या पेन्सिली गोळा करत होती.

"थांब! अरे थांब!"

बस वीतभर अंतरावर थांबली. पोरीनं मान वर केली, काचेतल्या मावशीला हात हलवला, आणि पेन्सिली घेऊन पळाली.

ड्रायव्हर घामाघूम होऊन खाली उतरला. "मावशी, मला वाटलं तुम्ही मागं उभ्या आहात. होतात कुठं?"

आयुष्यभर मावशीला प्रत्येक गोष्टीची शंका आली होती. गॅस बंद केला की नाही, कडी लावली की नाही. पण आपण जिथं उभं राहायला हवं होतं तिथं नव्हतो, याबद्दल तिला तीळभरही शंका नव्हती.