शुद्ध पंजाबी आणि वरची तर्री

पोराने पांढरकवड्याजवळ हायवेवर ढाबा टाकला आणि पाटीवर लिहिलं, शुद्ध पंजाबी. आमच्या घरात पंजाब कोणी नकाशातही नीट पाहिलेला नाही. मी चौथी शिकले, नकाशा पाचवीला होता.

त्याच्या शुद्ध पंजाबीचं पातेलं एकच. कांदा, टमाटे, काजू आणि लाल रंग. त्यात पनीर टाकलं की एक नाव, मटार टाकले की दुसरं, कोंबडी टाकली की तिसरं. वरून बोटभर तर्री, म्हणजे लाल तेलाचा थर. तो नसला तर आमच्याकडचा माणूस त्याला आजाऱ्याचं जेवण म्हणतो. काळ्या उडदाच्या डाळीवरही तर्री. पंजाबातले ट्रकवाले एकदा थांबायचे, पुढच्या खेपेला हॉर्न वाजवून निघून जायचे.

पोरगा म्हणाला, उन्हाळ्यापर्यंत पाहतो, नाही तर हैदराबादला मेव्हण्याकडे कामाला जातो. मलाही नेणार होता. मेव्हण्याचं घर चौथ्या मजल्यावर, खाली थुंकायचीही सोय नाही. तेव्हाच ठरवलं, ढाबा चालला पाहिजे. पोराच्या भल्याचं नंतर पाहू.

थंडीत एका म्हाताऱ्या सरदारजीच्या ट्रकच्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा आमच्या दारात तुटला. नवा पाटा नागपूरहून येईपर्यंत तो अडकला. जेवायला बसला आणि चमच्याने तर्री काढून ताटाच्या कडेला ठेवू लागला. मी विचारलं, काय कमी आहे?

"कम कुछ नहीं, माताजी. ज्यादा है."

मग तो स्वतःच स्वयंपाकघरात शिरला. मोहरीचा पाला इथे मिळत नाही, म्हणून पालक, चाकवत आणि आमच्या वावरातला हरभऱ्याचा कोवळा पाला घेतला. आलं, लसूण, हिरवी मिरची घालून मंद आचेवर शिजवत ठेवला, रवीने घोटला, मक्याचं पीठ लावलं, वरून तूप. त्याला तो साग म्हणतो. अख्खे उडीद भिजवून चुलीवर असेच तासन्‌तास रटरटत ठेवले. गरम मसाल्याच्या डब्याला हात लावला नाही. मक्याच्या रोट्या मात्र त्याच्या थापता थापता तुटत होत्या. घरी बायको करते म्हणाला. मी परात ओढून घेतली. भाकरीचंच काम ते, गरम पाणी आणि तळहात. लोणी लावून चार खाल्ल्या त्याने, आणि कुठे कुठे फोन केले.

ट्रक थांबू लागले तसे गावातले लोक रुसले. केळापूरचा माझा चुलत दीर ताट पाहून म्हणाला, "हे काय पंजाबी हाय काय, वहिनी? हे तं आपली हरभऱ्याची भाजी अन् भाकर. घरी काय हे मिळत नाही मले?"

पोरगा घाबरला. "माय, गावातलं गिऱ्हाईक चाललं."

"मग दोन पातेले ठेव," मी म्हटलं. "पाटी एकच राहू दे."

आता सरदार आमच्या घरातल्यासारखं जेवतात आणि आमचे लोक लाल पातेल्यातलं खाऊन, पंजाबी खाल्लं म्हणत ढेकर देतात. कोणाची तक्रार नाही. हैदराबादचं नाव घरात निघत नाही.

परवा मेव्हणाच तिकडून आला. शुद्ध पंजाबी द्या म्हणाला, तर्री मारके. मी स्वतः वाढलं. मग मी साग-भाकर खाल्ली आणि अंगणात जाऊन थुंकून आले.