पहिल्याचं नाव

एथेलचं नुकतंच जन्मलेलं बाळ चमचाभर दूधही आत घेईना. घातलं की फेस होऊन नाकातोंडातून यायचं आणि ओठ निळे पडायचे. सासू पर्पेच्युआ त्याला न्हाऊ घालायला बसली, तेव्हा तिला दिसलं, बाळाला शीची वाटच नाही. तिने ओल्या अंगावरच टॉवेल गुंडाळला आणि मुलाला, झेवियरला, टॅक्सीसाठी मरोळ नाक्यावर पिटाळलं.

शहरातल्या इस्पितळात डॉक्टर म्हणाले, अन्ननलिका पोटापर्यंत पोचलेलीच नाही, खालची वाट बंद, हृदयातही दोष. एकेकटं असतं तर बघता आलं असतं. सगळं एकाच बाळात फार क्वचित येतं. ऑपरेशन करू, आशा धरू नका.

"आत्ताच बाप्तिस्मा द्या," नर्सचं काम करणाऱ्या मठातल्या सिस्टर म्हणाल्या. "अशा वेळी पाद्री नसला तरी चालतं."

"नाही," एथेल म्हणाली. "चर्चमध्येच होणार. झबलं शिवलंय. बँडवाल्याला सांगितलंय."

"बँड कसला गं?" पर्पेच्युआ कडाडली. "असाच, बाप्तिस्म्याविना गेला तर चर्चच्या कुंपणाबाहेर पुरायला लागेल त्याला!"

"पाणी घातलं म्हणजे आशाच सोडली, आय. गावात घाईने पाणी घातलेलं एक तरी पोर जगलं का, सांगा ना."



ऑपरेशनला न्यायच्या आधीच बाळ पुन्हा निळं पडलं. या वेळी रंग परत येईना. एथेल त्याच्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "आणा पाणी."

"नाव काय?" सिस्टरने विचारलं.

"जोसेफ," पर्पेच्युआ घाईने म्हणाली.

एथेलने वळून पाहिलं. पहिल्या मुलाला आजोबाचं नाव, ही घरची रीत. आजोबा ऑगस्टीन दोन वर्षांपूर्वी वारले होते.

"ऑगस्टीन," ती म्हणाली.

"अगं बाय, ते पुढच्याला राहू दे. माझ्या माणसाचं नाव मातीत घालू नको."

"पुढचा कोण? पहिला हाच आहे."

"झेवियर, बोल ना रे काही!"

झेवियर खिडकीबाहेर बघत होता. "तुम्ही दोघी ठरवा," तो म्हणाला.

एथेलने सिस्टरच्या हातातून पेला घेतला. "ऑगस्टीन, पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देते." पाणी कानात गेलं, ते तिने करंगळीने टिपलं. आमेन एकट्या सिस्टरने म्हटलं. 

संध्याकाळी बाळ गेलं. चर्चच्या आवारात, आजोबाशेजारी पुरलं.

पुढे धडधाकट मुलगा झाला. आजोबाचं नाव देऊन झालं होतं, म्हणून त्याचं नाव व्हिक्टर ठेवलं. पर्पेच्युआ स्वतः मरेपर्यंत त्याला "ए पोरा" म्हणूनच हाक मारत राहिली. एथेलने तिला एकदाही टोकलं नाही.