बर्फाचा शब्द अखेरचा मानणाऱ्या सामंत मॅडम

डॉ. हेमलता सामंत यांना मी प्रथम पाहिले ते अंधेरीच्या प्रयोगशाळेत, भर मे महिन्यात, जाड कोट आणि कानटोपी घातलेल्या. त्या नुकत्याच शीतखोलीतून बाहेर आल्या होत्या. अंटार्क्टिकाच्या बर्फाची कापून उरलेली एक चकती त्यांनी पाण्याच्या ग्लासात टाकली. "ऐक." बर्फ तडतडला. "शेकडो वर्षांपूर्वीची हवा सुटतेय बघ." त्याच दिवशी मी त्यांची विद्यार्थिनी झाले.

ध्रुवावर दरवर्षी बर्फाचा नवा थर साचतो. मोठा ज्वालामुखी फुटला की त्याची राख आणि आम्ल त्या वर्षाच्या थरात अडकते. थर मोजत खाली गेले की उद्रेकाचे वर्ष कळते, त्यानंतर पृथ्वी किती गारठली तेही. अशा एका प्राचीन उद्रेकाचे वर्ष मॅडमनी ठरवले होते आणि इतर अभ्यासकांनी ते स्वीकारलेही होते.

तेच थर पुन्हा मोजताना मला दोन वर्षांचा फरक आढळला. तीनदा मोजले, फरक कायम. बोरीवलीला घरी आईला सांगितले, तर ती म्हणाली, "गुरूची चूक काढतंस? गप रव!" मी आठवडाभर गप्प राहिले. शेवटी मॅडमनीच विचारले, "काय गं, तोंड का उतरलंय?"

मी वही पुढे केली. तीन दिवस शीतखोलीत जाऊन त्यांनी स्वतः थर मोजले.

"दोन ठिकाणी पातळ थर सुटले माझ्याकडून. बर्फ बरोबर आहे, मी चुकले. लिहायला घे."

"पण मॅडम, तुमचं नाव..."

"नावाचं काय घेऊन बसलीस? लोक त्या वर्षावर पुढची गणितं मांडतायत!"

दुरुस्तीच्या लेखावर त्यांनी माझे नाव आधी घातले. परिषदेत भरल्या सभागृहात सांगितले, "चूक माझी, शोध हिचा." पुढच्या रविवारी त्या आमच्या घरी आल्या आणि आईला म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या लेकीने माझी लाज राखली." आईने मॅडमच्या ताटात सुरमईची आणखी एक तुकडी वाढली.

आज आमच्याकडे प्रत्येक थर दोघेजण वेगवेगळे मोजतात. ही शिस्त मॅडमनी स्वतःच्या चुकीतून घालून दिली, आणि तिच्यामुळेच आमचे आकडे आम्ही कुठेही छातीठोकपणे मांडतो.

मॅडम, पंचाहत्तरी झाली म्हणून सुटका नाही. यंदा ग्रीनलंडचा बर्फ येतो आहे. तुम्हांला निरोगी, उदंड आयुष्य लाभो. गुडघ्यांना जपा, आणि आमचे चुकेल तिथे स्पष्ट सांगा.