आलो गं बाई

घोडेमास्तरांकडे शिकायला येणाऱ्याला पहिले चार दिवस घोड्यावर बसायला मिळत नसे. लीद उचला, खरारा करा, खुरात अडकलेला चिखल टोकरून काढा. कुणी कुरकुर केली की मास्तर म्हणत, "बसायचीच घाई असेल तर बाहेर बाकडं आहे."

चार दिवसांत शिकवण एकच, आवाज दिल्याशिवाय घोड्याला हात लावायचा नाही. स्वतः मास्तर अठरा वर्षं "आलो गं बाई" असं म्हणूनच आत शिरत. बाई म्हणजे तबेल्यातली पांढरी घोडी. नवशिकी पोरं तिच्यावरच बसत. मास्तरांची बायको टोमणा मारी, "मला कधी इतक्या मायेनं हाक मारली नाहीत." घोड्यांना ती भयंकर घाबरे. नवऱ्याच्या कपड्यांचा वास धुता धुता तिचा जन्म गेला, पण तबेल्याचा उंबरठा तिने ओलांडला नव्हता.

दीड वर्षापूर्वी बाईचे डोळे गेले. मास्तरांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. लागला असता तर तबेल्याच्या मालकांनी तिला ठेवलीच नसती. आंधळ्या घोडीवर लोकांची पोरं बसवणं हा गुन्हा होता आणि मास्तरांना तो कळत होता. म्हणून ते लगाम धरून तिच्या तोंडाशी चालत आणि सारखे बोलत राहत. डावीकडे गं, सावकाश गं, खड्डा आहे गं. बाई त्या आवाजावर पाय टाकी. मास्तर झोपेतसुद्धा हेच बडबडू लागले आणि बायको कूस बदलून पडून राहू लागली.

मग मास्तरांच्या घशात गाठ निघाली. बाईचा पाय दुखतोय, तिला बाहेर काढू नका, अशी थाप मालकांना मारून ते ऑपरेशनला गेले. जीव वाचला, आवाज कायमचा गेला. दवाखान्यात हातात पाटी दिली तेव्हा त्यांनी पहिलं लिहिलं, "बाई खाते का?" बायकोने वाचलं आणि पाटी पुसून टाकली.

सहा आठवड्यांनी घरी आले आणि दुसऱ्याच सकाळी तबेल्यात गेले. मालक तिथेच होते. बाई भिंतीकडे तोंड करून उभी होती. मास्तरांचे ओठ सवयीने हलले आणि त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. शब्द बाहेर पडलेच नव्हते, हे हात ठेवल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. अंगाला औषधांचा वास, आवाज नाही. कोण आलंय हे तिला कळावं तरी कसं? तिने लाथ झाडली. मास्तर थोडक्यात वाचले, मागची फळी दुभंगली.

मालकांनी तिच्या डोळ्यांसमोर हात हलवला. पापणी लवली नाही.

"मास्तर," ते म्हणाले, "माझी नात बसायची हिच्यावर."

मास्तरांनी मान खाली घातली. मालकांना शिव्या देणं सोपं आहे, पण त्यांचं काय चुकलं ते मला तरी सांगता येत नाही.

दोन दिवसांनी मालकांच्या सांगण्यावरून जनावरांचे डॉक्टर तिला कायमचं झोपवायचं इंजेक्शन घेऊन आले. बाई कुणाला जवळ फिरकू देईना. दोर टाकून पाडावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. मास्तर घसा ताणत होते, पण नुसती हवा निघत होती.

सोबतीला आलेली बायको बाहेर थांबली होती. ती आत आली. उंबरठा ओलांडून.

"आलो गं बाई," ती म्हणाली. आले नाही, आलो. नवरा म्हणायचा अगदी तसंच.

बाईचे कान पुढे आले. लाथा थांबल्या. मास्तरांनी तिच्या मानेवर हात ठेवला, डॉक्टरांनी शीर शोधली. "सावकाश गं," बायको म्हणत राहिली, "डावीकडे गं." नवऱ्याची झोपेतली बडबड ऐकून ऐकून तिला सगळं पाठ होतं. बाई खाली कोसळली तरी ती म्हणतच होती.

घरी आल्यावर मास्तरांनी पाटीवर लिहिलं, "तिला वाटलं, मीच आलो."

बायकोने वाचलं. या वेळी तिला पाटी पुसता आली नाही.