दिव्यांच्या चार जागा

दाजी गेल्याची तार मला औरंगाबादला शाळेत मिळाली. वर्ग चालू होता. शिपायाच्या हातात तार दिसली तेव्हा मला आठवली ती अक्का... कारण आमच्या घरी वाईट बातमी आलीच तर ती अक्काची असेल, असं सगळ्यांनी मनात धरून ठेवलं होतं. तार दोनदा वाचली, तेव्हा कळलं की नाव दाजींचं आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान, जालन्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. निजामी गेली, त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत कधीतरी अक्का जिन्यावरून पडली आणि तिची पाठ कायमची अधू झाली. घडीभर बसलं की कळ यायची. आमचं गाव अंबड. जालन्याहून ते काही लांब नाही, पण बस तिला सोसत नव्हती आणि बैलगाडी तर मुळीच नाही. चार वर्षं तिने माहेर पाहिलं नव्हतं. मग एका दवाखान्याने मोडीत काढलेली रुग्णांची गाडी लिलावात निघाली, ती दाजींनी घेतली. आत स्प्रिंगचा पलंग बसवला, भांड्यांची फळी केली, स्टोव्ह आणि माठ ठेवला. चाकांवरचं घरच ते. दवाखान्याने दिवे मात्र काढून ठेवून घेतले होते. गाडीच्या कपाळावर एक, दोन्ही अंगांना एकेक आणि मागे एक, अशी तळहाताएवढी चार भोकं राहिली होती.

मी सुट्टीत गेलो होतो तेव्हा दाजी ती भोकं बुजवत होते. तेलाच्या पिंपाच्या पत्र्याच्या गोल चकत्या कापल्या होत्या. खाली सायकलच्या ट्यूबचं रबर, कडेने डांबर, वरून रिबिटा. मी म्हणालो, "दाजी, आतून लावल्या असत्या तर बाहेरून डांबर दिसलं नसतं."

"मास्तर, आतून लावलं की भोकाची वाटी होती. पाणी साचतं अन् तुमच्या अक्काच्या तोंडावर पडतं. तुम्ही पोरं शिकवा, पत्रा मी बघून राह्यलो."

चार दिवस खपून त्यांनी सगळी गाडी बदामी रंगाने रंगवली. अक्काची बाज दारापर्यंत आणली. तिने बराच वेळ पाहिलं.

"दिवे विझवलेत फक्त," ती म्हणाली. "अजून दिवेच दिसतात. मी न्हाई येणार."

मी समजूत घालू लागलो, लोक एवढं बारकाईनं बघत नाहीत वगैरे. ती माझ्यावरच उसळली. "आईला आणलं तेव्हा तू नव्हतास. दवाखान्याची गाडी गल्लीत शिरली अन् रडारड सुरू झाली. आई आत ऐकून राह्यली होती, अजून जीव होता तिचा. मला तसं अंबडात जायचं न्हाई."

दाजींनी छिन्नी घेतली आणि एकेक रिबीट तोडायला लागले. तोडता तोडता त्यांनी विचारलं, "मंग काय लावू? सांग."

"घराला जे असतं ते लावा."

तसंच झालं. दोन्ही अंगांना पत्र्याच्या हिरव्या चौकोनी झडपा आल्या, खिडक्यांना असतात तशा. मागे टपालाची पेटी. कपाळावर नावाची पाटी. अक्षरं मी काढायची ठरलं. ब्रश भिजवून विचारलं, नाव कोणाचं?

"घरात दिवसभर असतं कोण?" दाजी म्हणाले. "मंग तिचंच."

मी 'द्वारकाबाई' लिहिलं. 'द्वा' जरा मोठा झाला, तो आजही तसाच आहे.

अंबडला गल्लीत गाडी थांबली तेव्हा शेजारच्या काकू पदर सावरत बाहेर आल्या. "अगं बया, कोण आलं ह्या डब्यातून?"

"मी द्वारका, काकू," अक्का आडव्यानेच म्हणाली. "पाटी वाचा की. अन् चहा टाका जल्दी." काकूंना वाचता येत नव्हतं. दोघी इतक्या हसल्या की अक्काची पाठ दुखायला लागली. कोणी रडलं नाही.

पुढे वर्षातून दोनदा तरी ती जायची. निघण्याआधी दाजी गाडीभोवती एक फेरी मारत. उन्हाने डांबर मऊ होतं, म्हणून चारही ठिकाणी कडेने अंगठा फिरवायचा आणि पत्र्यावर एक टिचकी. उजवी, मागची, डावी, पुढची. मगच गाडी सुरू. ही तपासणी पत्र्याची आहे, असंच मी इतकी वर्षं समजत होतो.

दाजींचे दिवस झाल्यावर अक्काला माहेरी न्यायचं होतं. गाडी चालवायला जिनिंगमधला एक ड्रायव्हर आला होता. अक्काला पलंगावर निजवलं, दार लावलं. सहज म्हणून मी भोवती फिरलो, दाजींसारखा अंगठा फिरवला, टिचक्या मारल्या आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसलो. त्याने किल्लीला हात घातला, तेवढ्यात आतून अक्काचा आवाज आला.

"थांब. तीनच झाल्या. पुढची राह्यली."

मी उतरलो. अंगठ्याला डांबर लागलं होतं. ते धोतराला पुसून 'द्वा'च्या खाली टिचकी मारली.

"हं," ती म्हणाली. "चला आता."