टेप मारलेल्या पणत्या

काल्हेरच्या गोदामात मी रिटर्नच्या टेबलावर असते. गिऱ्हाइकाने परत पाठवलेला माल तपासायचा, चांगला वेगळा, मोडका वेगळा. मोडक्यातलं थोडंफार सुपरवायझर दिवाळीआधी आम्हा बायकांना देऊन टाकतो. तीन वर्षांपूर्वी मला बॅटरीवरच्या पणत्यांचा अख्खा खोका मिळाला. बुडाशी चपटी गोल बॅटरी, तिच्यावरचं झाकण स्क्रूने बसतं, त्यातले बरेच स्क्रू गळालेले. त्यात काय एवढं! गोदामात आम्ही कशालाही टेप लावतो. घरी आणून सगळ्यांना टेप मारली.

लेक तेव्हा सव्वा वर्षाची. दिसेल ते तोंडात. म्हणून मी रांगोळी बंद केली, तोरणाचे मणी काढले, लायटिंगची माळ उंच टांगली. सासूबाई तेलाच्या पणत्या धुवायला बसल्या, तसं माझं डोकंच फिरलं. त्या म्हणाल्या, "दिव्याबिगर दिवाळी न्हाय होत गो." मी फटकन बोलले, "पोर भाजली म्हंजे तुम्ही निस्तरणार का?" त्यांनी पणत्या पुसून फळीवर ठेवून दिल्या. खोटं कशाला बोलू, मला जिंकल्यासारखं वाटलं.

भाऊबीजेला पोर लाळ गाळायला लागली, काही खाईना. आम्ही म्हटलं दात येताहेत. मग खोकला सुरू झाला, त्याचं औषध आणलं. तिसऱ्या दिवशी पणत्या आवरताना एकीची टेप चावलेली दिसली. आत बॅटरी नव्हती. पोरीला तशीच उचलून ठाण्याला पळाले. एक्स-रेत गळ्याखाली नाण्याएवढं गोल दिसलं. डॉक्टर म्हणाले, बॅटरी अडकून अन्ननलिका जळलीय.

आग नको म्हणून जे आणलं त्यानेच पोरीला आतून जाळलं. माझी अक्कल कुठे शेण खायला गेली होती, देव जाणे. सासूबाई आजवर एका शब्दाने बोलल्या नाहीत. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता ती चार वर्षांची आहे. पोटाला नळी लावलीय, दूध-पेज तिथूनच जातं. अन्ननलिका दोनदा रुंद करून पाहिली, दोन्ही वेळा पुन्हा आवळली. पुढचं डॉक्टर स्वतःहून बोलत नाहीत आणि मीही विचारत नाही.

यंदा शेजारणी फराळाला आल्या. पोरीने प्रत्येकीला आपल्या हाताने लाडू भरवला, वर "आणखी घे ना" म्हणाली. एकीने कौतुकाने लाडवाचा तुकडा तिच्या तोंडाजवळ नेला. पोरीने दोन्ही हातांनी तोंड गच्च झाकलं आणि माझ्याकडे बघितलं, बरोबर केलं ना म्हणून.

मी म्हटलं, "शाब्बास."